आईला मध्ये न घालता

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. आधी चष्मा लावा. हे पत्र आईकडून वाचून घ्यायचं नाही.

मी ठणठणीत आहे. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

फ्रेंचच्या पदवीत आम्हाला दुभाष्याचं काम शिकवतात. परवा सराव परीक्षेत वर्गातला एकजण चिडलेला कारखानदार झाला होता. "तुमचा माल भंगारात घालायच्या लायकीचा आहे," असं तो म्हणाला. मी फ्रेंचमध्ये सांगितलं, "मालात थोडी सुधारणा हवी." बाईंनी मला नापास केलं. म्हणाल्या, "राग गिळायचा नसतो, पोचवायचा असतो. ही सवय कुठून लागली?"

कुठून लागणार? तुम्ही म्हणता, "फ्रेंच शिकून काय दिवे लावणार? मुकाट्याने घरी ये म्हणावं." हे मला दादाकडून कळलं. आई फोनवर सांगते, "बाबा तुझी वाट बघतात." मी फणकारते, तर ती तुम्हाला सांगते, "पोरगी विचार करतेय."

काल पुन्हा परीक्षा दिली. कारखानदाराचा राग असा पोचवला की समोरच्याने खुर्ची मागे सरकवली. पास झाले. आवाज अगदी तुमचा लागला होता.

म्हणून थेट सांगते. पदवी घेतल्याशिवाय मी परत येणार नाही. कंपन्यांना दुभाषे लागतात आणि मला हे काम जमतं. रागवायचं तर मलाच लिहून रागवा.

चष्मा सापडला नाही आणि पत्र आईच्या हाती गेलं, तर ती एवढंच वाचेल की मला घरची फार आठवण येते. ते मी कुठेच लिहिलेलं नाही. पण खरं आहे.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी