त्या बाईचं झाड

बाबा, तुम्ही अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होता आणि मी फ्रॉकच्या ओच्यात मोहफुलं घेऊन आले होते. कॉन्व्हेंटच्या होस्टेलला सुट्टी लागली होती. वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही वर न बघताच विचारलंत, "कोनाले इचारून आनली वं?"

"जंगलातलं झाड, कोणाला विचारायचं?"

"जंगल सरकारचं हाय. झाड जे बाई त्याखाली वेचते, त्या बाईचं हाय. जाय, देऊन ये."

अंगावर वनरक्षकाची खाकी, आणि बोलणं हे! मी गेले. झाडाखालची जागा झाडून ती बाई फुलं वेचत होती. मला बघून केवढ्यानं हसली, "गारडबाबूची पोरगी चोर निंगाली वं!"

पुढे कॉम्प्युटर शिकले, नागपुरात नोकरी केली आणि पन्नाशीला अहेरीत परत येऊन कंपनी काढली. लोक तिला स्टार्टअप म्हणतात. आई दुकानच म्हणाली असती. मोह वेचणारी बाई आपल्या झाडाखाली उभी राहून मोबाइलवर बटण दाबते, मग व्यापाऱ्याची गाडी थेट गावात येते. टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठावा लागत नाही.

आता एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेते आहे. सोमवारी सही. त्यांना सगळ्यात जास्त हवा आहे तो त्या बटणांमधून आपोआप तयार झालेला झाडांचा नकाशा. त्यात झाड न् झाड आहे, बायकांची नावं मात्र नाहीत. मीच भरली नाहीत. जमीन वनखात्याची, उगाच भानगड कशाला, असं वाटलं. शेवटी मी गार्डचीच मुलगी. त्यामुळे कागदावर ती सगळी झाडं माझी होऊन बसली आहेत.

परवा त्या बाईच्या सुनेकडे गेले. तिनं आधी चहा दिला. मग म्हणाली, "आमचं झाड तुमी काऊन इकून राह्यल्या, बाई? मले त कोनी इचारलंच नाई."



नकाशा देणार नाही, बाबा. मग ते बहुतेक माघार घेतील आणि ऑफिस बंद करावं लागेल. कोणाला काय द्यायचं ते वकिलासाठी लिहून ठेवते आहे. सॉफ्टवेअर हवं तर त्यांनी न्यावं. नकाशा ग्रामसभांना, प्रत्येक झाडापुढे त्या घरच्या बाईचं नाव लिहून. कॉम्प्युटर ऑफिसातल्या सहा मुलींना. हे पत्र कोणालाच नाही, ते तुमच्या मागे राहिलेल्या खाकी टोपीखाली राहील.

आणि मोहफुलांची एक मूठ त्या सुनेला. त्या दिवशी मी सगळी परत दिली नव्हती.