बाबांचं डॉट इन

१२ फेब्रुवारी

साइट बंद! मंडपवाल्याचा फोन आला— "सीमाबाई, तुमचं नत्थुजीफुलवाले डॉट इन महिन्यापासून उघडूनच नाही राहिलं." शेवंती निवडत होते, टोपली तशीच टाकली. मला काय माहीत, माझ्या ऑर्डरी फोनवर येतात. साइटचं सगळं श्याम बघायचा, माझा धाकटा भाऊ. बाबांनी जाताना दुकान माझ्या नावावर केलं, म्हणून रागानं अमरावतीला गेला. सहा वर्षं झाली. ना राखी, ना भाऊबीज.

मी समजत होते, ते आपोआप चालतं!

१३ फेब्रुवारी

शेखरकडे गेले. आता झेरॉक्स काढतो, पण पूर्वी त्याचं सायबर कॅफे होतं, आमच्या साइटचं नाव तिथंच नोंदवलेलं. पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मुदत सरली बाई. सवलतीच्या दिवसात कोणीबी पैसे भरले असते तं चाललं असतं. तेबी दिवस गेले. आता मालकानंच सोडवा लागते. नाई तं नाव मोकळं होते, मंग ज्याले पाह्यजे तो घेते."

"मालक कोण?"

"नत्थुजी."

घ्या! आमच्या घरात नवीन जे येईल ते बाबांच्या नावावर. लूना, गॅस, फोन— आणि हेही. नाव नोंदवणाऱ्या कंपनीच्या सूचना कुठं जायच्या? तर याच नावाच्या ईमेलवर! नाव बंद, ईमेलही बंद. श्यामनं किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं होतं, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी

हार ओवताना दिवसभर नाव नोंदवलं ती सकाळ आठवत होती. दोन हजार अकरा. श्याम म्हणाला, डॉट कॉम घेऊ, जगात चालते. बाबा म्हणाले, "अन् डॉट इन म्हंजे?" "आपल्या भारताचं." "मंग तेच घे. आपला झेंडू काय अमेरिकेत जाते?"

आणि बाबा घरून हार घेऊन आले! थेट संगणकाला घातला. शेखर ओरडतोय, "नत्थुजी, मशीन गरम होते!" बाबा ऐकतील तर शपथ. पायरीवर नारळ फोडला, कॅफेतल्या पोरांना खोबरं वाटलं. श्याम हसून हसून लाल झालेला. तो फोटो साइटवर पहिल्याच पानावर होता. किती चांगले होतो आम्ही तेव्हा!

१५ फेब्रुवारी

शेखर म्हणतो, अशी सुटलेली नावं जुगाराच्या साइटवाले उचलतात. बाबांच्या नावावर जुगार! ज्या माणसानं जन्मात पत्त्याला हात लावला नाही!

१८ फेब्रुवारी

कंपनीत फोन केला. मुलगी हिंदीत बोलत होती, गोड होती. मालक नाहीत तर त्यांचा मृत्यूचा दाखला, आणि सगळ्या वारसांच्या सह्या. वारस दोघंच. मी आणि श्याम.

मी नाही फोन करणार. मरेन पण नाही. जाताना काय बोलला होता— "फुलं तू वीक बाई. बाबाचं नाव म्या केलं, अन् मले भोपळा." दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर!

२१ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची बेलपानं आली पातूरहून. सह्या तशाच.

२४ फेब्रुवारी

पुन्हा कंपनीत फोन. चिडलेच मी. इतकी वर्षं आपोआप होत होतं, आताच काय धाड भरली तुमच्या मशीनला? ती म्हणाली, आपोआप काहीच नव्हतं मॅडम. दरवर्षी कोणीतरी स्वतः मुदत वाढवायचं.

कोणीतरी म्हणजे कोण? मी नाही. शेखर नाही. त्या ईमेलच्या सूचना वाचणारा एकच माणूस.

गाढवा, सहा वर्षं बोलला नाहीस, आणि गुपचूप बाबांचं नाव जपत बसलास! मला रडूच आलं. गिऱ्हाईक विचारतं, काहून बाई, काय झालं? काय सांगू!

२५ फेब्रुवारी

मग यंदा काहून नाही भरलं त्यानं?

२६ फेब्रुवारी

लावला फोन. प्रतीक्षानं उचलला, त्याच्या बायकोनं. "बाई, दिवाईपासून त्याईले दिसत नाई. साखरेनं डोये नेले. तुमाले सांगू नको म्हणले. रोज इचारतात, बाबाचं नाव चालू हाय ना? मी हो म्हणून राह्यली."

उद्या पहिल्या गाडीनं अमरावती. सही तोच करेल. हात मी धरीन.