मृत्यूचं कारण : प्रलंबित

३ मार्च

चि. होबर्ट यास, अ. उ. आ.

तू धाडलेला हॅम पोचला. मार्लाने एकटीनेच फस्त केला. शर्यती धावणाऱ्या पोरीची भूक काय विचारतोस!

क्लेटनला जाऊन वर्ष उलटलं. माझा लेक रात्री झोपला तो उठलाच नाही, आणि राजधानीतल्या शवविच्छेदन कार्यालयाच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात अजून ‘प्रलंबित’! फोन केला तर तिथली बाई म्हणते, डॉक्टर कमी आहेत, सुधारणेचं विधेयक समितीत अडकलंय. त्या समितीत तर तूच बसतोस ना? की तिथे नुसते डोनट खाता?

आपल्या खोऱ्यात तरणा पोरगा अंथरुणात गेला की नशेच्या गोळ्याच, हे लोकांनी ठरवूनच टाकलंय. माझा क्लेटन गोळ्यांना शिवत नव्हता. मला ते सरकारकडून लिहून हवंय.

वहिनीला आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी डेल्फियाताई

२० मार्च

ती. डेल्फियाताईस, सा. न. वि. वि.

काल सभागृहात गव्हर्नरसाहेबांची सालटी काढली. शवविच्छेदन कार्यालय सुधारण्याच्या निवडणुकीतल्या वचनाचं काय झालं, म्हणून विचारलं. त्यांचा माणूस म्हणाला, अभ्यासगट नेमलाय. मी म्हटलं, आधीच्या अभ्यासगटाचाच अहवाल अजून यायचाय! क्लेटनचं नाव घेतलं, गोळ्यांनी ओढून नेलेल्या पोरांच्या आया अशा ताटकळतात असं बोललो, तेव्हा विरोधकांनीही टाळ्या वाजवल्या. पहिल्या पानावर फोटो आहे, कात्रण सोबत.

धाकट्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा होबर्ट

२ एप्रिल

होबर्ट,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. गोळ्या म्हणून तुला कोणी सांगितलं? तू मामा ना त्याचा? पास्टरांचा फोन आला, गोळ्यांनी गेलेल्यांच्या प्रार्थनेत क्लेटनच्या नावाची मेणबत्ती लावू का म्हणून. शेजारची आयडा मक्याचा ब्रेड घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मार्ला भावाबद्दलचे टोमणे ऐकून शाळेतून रडत आली आणि अंधार पडेपर्यंत धावत सुटली.

दगड मारलास गव्हर्नरला, लागला मला. भाषणं पुरेत. अहवाल आण.

डेल्फिया

९ मे

चि. होबर्ट यास, आशीर्वाद.

मार्ला वाचली, हे आधी लिहिते. शनिवारी शर्यतीत कोसळली. शिक्षक छाती दाबत राहिले म्हणून परत आली.

सोमवारी, मी इस्पितळात असताना, क्लेटनचा अहवाल घरी येऊन पडला. गोळ्यांचा अंशही नाही. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे घराण्यात चालतं, भावंडांना ताबडतोब तपासा, असं लिहिलंय. ताबडतोब! तपासणी तो गेला त्याच महिन्यात झाली होती. सही करायला डॉक्टर नव्हता, म्हणून कागद वर्षभर पडून. मला किंचाळावंसं वाटतं, होबर्ट.

बाबा अंगणात पडले तेव्हा खाणीची धूळ म्हणून आपण त्यांना पुरून मोकळे झालो. कोणी उघडून पाहिलंच नाही. तू आता त्यांच्याच वयाला आलास. विधेयकासाठी भांड, घसा फुटेपर्यंत भांड, पण पुढच्या आठवड्यात. हे पत्र मिळताच पोरांना घेऊन डॉक्टरकडे जा आणि स्वतःची छाती आधी दाखव.

मी अजून रागावलेलीच आहे. पण मला भाऊ एकच आहे.

ताई