तुझ्या अंगात देवी येत नव्हती

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. साखरपुड्यानंतरसुद्धा नाही. काही सांगायचं असलं की सांडोरहून सायकल काढून तुमच्या अर्नाळ्याला यायचो, तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायचो आणि न सांगताच परत जायचो. त्यावरून तू मला जन्मभर चिडवलंस. आता मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा रविवारी आपल्याच घरात, तुझ्या फोटोखाली बसून, तुझ्याबद्दल खोटं बोललं गेलं.

आपल्या मानसीला बघायला विरारहून मंडळी आली होती. मुलगा बरा वाटला, शांत होता. त्याच्या आईने तुझ्या फोटोकडे बघून विचारलं, "यांना काय झालं होतं हो?" मी तोंड उघडायच्या आत तुझ्या नणंदेने, आक्काने उत्तर दिलं. "आमच्या सुमनच्या अंगात यायचं. देवीचं झाड होती ती. शेवटी देवीनेच नेली."

त्या बाई उठल्या आणि त्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले!

मला किती राग आला म्हणून सांगू! तू जिवंत होतीस तेव्हा कोणी जोडले का हात? स्टेशनजवळ बसमध्ये चढताना तुझा पाय वाकडा पडला, तेव्हा कंडक्टर म्हणाला होता, "बाई, दिवसाढवळ्या पिऊन येता?" सगळी बस हसली होती. तुझ्या बाबांच्या नशिबीही हेच आलं होतं. त्यांना गावाने बेवडा ठरवलं. ताडीला कधी न शिवलेला माणूस, झोकांड्या खातो म्हणून बेवडा! मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं? "म्हणजे माझे बाबा पीत नव्हते." स्वतःचं काय होणार ते नंतर विचारलंस.

त्या आजाराशी तू कशी वागलीस ते मी पाहिलं आहे. लोकांनी नाही पाहिलं. हात आपोआप वर उडाला की तू तो अर्ध्यातून केसांकडे न्यायचीस, जणू अंबाडाच नीट करायचा होता. पाय झटकला गेला की लगेच चप्पल शोधल्यासारखं करायचीस. किती दिवस मलाही वाटत होतं की तुला केसांचा चाळाच लागलाय!

नंतर ते लपेना. मग आपण घरच बदललं. काचेचे पेले माळ्यावर गेले. चहाला झाकणाचा जड मग आला, त्यात नळी. पलंग काढून गाद्या जमिनीवर घातल्या. जेवायला तू दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसायचीस, म्हणजे अंगाला दोन्हीकडून आधार. मी मनगटाला बांधायला वाळूच्या छोट्या पिशव्या शिवल्या. सातिवलीच्या गोडाऊनमध्ये पोती शिवायची सवय असलेला माणूस मी, टाके मोठे आले. तू म्हणालीस, "बांगड्या छान आहेत, पण सोनाराला सांगा थोडं बारीक काम करायला."

पिशव्यांचा फारसा उपयोग झाला नाही. तरी तू त्या बरेच दिवस बांधल्यास. माझ्यासाठीच ना?

दुपारी तुझा डोळा लागला की हात थांबायचे. पूर्ण थांबायचे. मी जेवायच्या सुट्टीत घरी आलो की तुला उठवायचो नाही. ते हात तसे शांत पडलेले बघून मला बरं वाटण्याऐवजी संताप यायचा. एवढा वेळ थांबतात, तर जागेपणी का नाही? विचारणार कोणाला?

आणि मग ती नवरात्रातली आरती. तुला घरी बसून कंटाळा आला होता, म्हणून तू देवळात यायचा हट्ट धरलास. धूप, ढोल, टाळ्या, गर्दी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की मन उत्तेजित झालं की हालचाली वाढतात. तशा त्या वाढल्या. हात, मान, खांदे, सगळं. कोणीतरी ओरडलं, "आली, आली! सुमनच्या अंगात आली!" वर्षभर आपल्या दारावरून मान वळवून जाणाऱ्या बायका तुझ्या पायांवर डोकं ठेवायला लागल्या. तुला पाटावर बसवून ओटी भरली, कुंकू लावलं. तुझा पाय उडाला, नारळाचं ताट लांब गेलं, तर म्हणाल्या, "कोपली गं माय!" मी गर्दीतून आत घुसत "आजार आहे तिला, बाजूला व्हा" म्हणत होतो. ढोलात कोणाला ऐकू जाणार?

एकीने विचारलं, "आई, माझ्या सुनेला मूल कधी होईल?" तुझी जीभ तेव्हा जड झाली होती, तरी तू स्पष्ट म्हणालीस, "तिच्या नवऱ्याला विचार." त्यालाही त्या कौल समजल्या!

घरी येताना मी रिक्षात धुमसत होतो आणि तू आक्काशेजारी बसून हसत होतीस. "वेडी आणि बेवडीपेक्षा देवी बरी. निदान बसायला पाट देतात." तेवढी एक गोष्ट मला तुझी पटली नाही, सुमन. तू हसलीस, आणि आक्काने ते धरून ठेवलं.

आक्काने केलेलं मी नाकारत नाही. शेवटी घास अडकायला लागला तेव्हा पातळ भात कुस्करून, एकेक चमचा, तास तासभर तुला भरवणारी तीच. त्यामुळे तर राग जास्त येतो. आपण कशाशी झगडतोय हे तिला माहीत होतं. पण आजार वंशाने येतो म्हटलं तर मानसीचं लग्न होणार नाही, आणि देवी म्हटलं तर होईल, हा तिचा हिशेब. तुझी सगळी वर्षं पुसून टाकणारा हिशेब!

रविवारी हात जोडलेले बघून मानसीने चहाचा ट्रे खाली ठेवला. "आत्या, नको ना," ती म्हणाली. मग त्या बाईंकडे वळून, "काकी, माझ्या आईला हंटिंग्टन होता. मेंदूचा आजार. आजोबांनाही होता. मला असण्याची निम्मी शक्यता आहे." आवाज अजिबात चढवला नाही. पोहे तसेच राहिले आणि मंडळी उठली.

आक्का कडाडली, "जुळत आलेलं स्थळ घालवलंस! देवी म्हटल्याने कोणाचं काय बिघडत होतं?"

"माझं बिघडत होतं, आत्या. उद्या माझे हात हलायला लागले तर मलाही ओटी भरून पाटावर बसवशील?"

आक्का रडायला लागली. मी तिला पाणी दिलं, पण समजूत काढली नाही.

काल मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलीची तपासणी करा, रिपोर्ट पाठवा, मग पुढे बघू. आक्काही म्हणाली, करून टाका, एकदाचं काय ते कळेल. जणू बाजारातून आणलेला मिक्सर! मी मानसीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला आत्ता जाणून घ्यायचं नाही. कधी घेईन तर माझ्यासाठी घेईन." मी फोन करून सांगितलं, रिपोर्ट मिळणार नाही. ते म्हणाले, मग कठीण आहे. मी म्हटलं, आम्हाला सवय आहे.

आज सकाळी डबा भरताना तिच्या हातातून चमचा पडला. मी आणि आक्का, दोघांनीही झटकन तिच्या हाताकडे पाहिलं. तिने ते पाहिलं. चमचा धुतला आणि कामावर गेली. दिवसभर मला काही सुचलं नाही.

तू गेलीस, पण जगाची ती नजर आपल्याच घरात राहिली आहे. तेवढ्यासाठी तुला शब्द देतो. तुला काय झालं होतं, हे कोणी विचारलं तर आजाराचं नाव सांगेन, पूर्ण सांगेन. मानसीने ठरवलं तर तिच्याबरोबर दवाखान्यात जाईन, नाही ठरवलं तर विषय काढणार नाही. आणि तिच्या हातातून काही पडलं, तर मी पडलेल्या वस्तूकडे बघेन. तिच्या हाताकडे नाही.

तुझा,
वसंत