सासची बाटली

कोरपना, १२ जानेवारी १९८६

चि. सौ. चंदास हरिदासभाऊचा अनेक जय भीम. वि. वि.

तुला दिवस गेले, हे वाचून आनंद झाला. पण तुझं अन्न तुटलंय आणि सासूबाईंच्या पायांवर सूज आहे, म्हणून काळजीही वाटते. पोचूमामांबरोबर बाटली धाडतो. ती सासची आहे. इथल्या गेस्ट हाउसात साहेबांना आम्लेटवर लागते, म्हणून मीच चिंच, खजूर, गूळ, कांदा आणि शिरका तपकिरी होईपर्यंत आटवतो. भातावर चमचाभर घ्यावी, वांग्याच्या भाजीतही चालते. तोंडाला चव येते, खजुरानं रक्त वाढतं.

माया आहेच, ती राहू दे.
हरिदास

नागभीड, ३ फेब्रुवारी

ती. भाऊस चंदाचा सविनय जय भीम. वि. वि.

तू सासूबाईंसाठी बाटली धाडलीस, याचं घरात फार कौतुक झालं. सुनेच्या माहेराहून सासूला काही येतं, हे या गल्लीत नवलच. डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून अळणी भात पाहून त्या रडायच्या. आता घासाघासाला तुझी बाटली लागते. मी बोटभरही चाखली नाही. त्यांची वस्तू, कशी मागू? मले सुनेच्या भावानं धाडली, असं त्या दारोदार सांगून आल्या.

पण भाऊ, सूज गुडघ्यापर्यंत चढली आहे. आडवं झालं की धाप लागते. त्यात आणखी काय घालतोस, ते लवकर कळव. मला भीती वाटते.

लोभाची वाट पाहणारी,
चंदा

कोरपना, ७ फेब्रुवारी

चि. चंदास जय भीम.

पत्र वाचताच बाटली उचल. तिच्यात मूठमूठ मीठ आहे, त्याशिवाय ती टिकत नाही. मीठ काय सांगायचं, म्हणून मी लिहिलं नाही. आणि सासची म्हणजे सासूची नव्हे गं. इथे साहेब लोक त्या पातळ चटणीला इंग्रजीत सास म्हणतात, कानी पडलं तसं लिहिलं. बाटली तुझ्यासाठी होती. बाईंना ताबडतोब दवाखान्यात न्या.

हरिदास

ब्रह्मपुरी, १३ फेब्रुवारी

ती. भाऊस सविनय जय भीम.

सासूबाई इथल्या दवाखान्यात आहेत. पाणी उतरायच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर भरवसा देत नाहीत. ह्यांना खरं सांगितलं, तेव्हापासून हे तुझं नाव काढू देत नाहीत. सासूबाईंनाही सांगायला बसले, तर त्यांनीच माझा हात धरला. बाटली काऊन बंद केली, तुया भाऊ मायावर रागावला तर नाई ना, असं विचारू लागल्या. नर्सबाईंनाही त्या बाटलीचीच गोष्ट सांगतात. माझी जीभ रेटली नाही. आता तूच त्यांना लिही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

चंदा

कोरपना, १६ फेब्रुवारी

ती. केसरबाईंस हरिदासचा विनम्र जय भीम. वि. वि.

मी तुमच्यावर रागावलो नाही. मागच्या बाटलीत माझ्या हातून मीठ फार पडलं, म्हणून ती बंद करायला मीच कळवलं. अपराध माझा आहे. आता बिनमिठाची थोडीशीच केली आहे, भाजलेला कांदा, आलं आणि जिरं घालून. ती घेऊन मी स्वतः येतो. डॉक्टर हो म्हणाले तर आधी तुम्ही चाखा, नावं ठेवा, मग चंदाला द्या. तिचंही अन्न जात नाही.

मागची बाटली कोणाची होती, याबद्दल कोणी काही बोललं तर मनावर घेऊ नका. ती सासचीच होती. मी माझ्या हातानं तसं लिहिलं होतं.

मी पोहोचेपर्यंत माया राखून ठेवा.
आपला,
हरिदास