तात्यांच्या विसराची लागण

वरची वाडी, धरणकाठ, ता. भोर
माघ महिना, १९६८ (तिथी विचारू नकोस, हितं तारीख विचारली की माणसं पळतात)

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या ज्ञानूचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींची सर्दी गेली का? मी खुशाल आहे, पायात काटा होता तोही निघाला.

तू म्हणालीस, "सासऱ्यांना विसर पडायचा रोग झालाय म्हणून वाडीचा सांगावा आलाय, दोन दिवसांत त्यांना भोरला घेऊन ये." आज अकरावा दिवस. आधी कारण ऐक, मग रागाव. भोरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या एस.टी.त खिडकीची जागा मोकळी दिसली, म्हणून बसलो. वेल्ह्यात उतरल्यावर ध्यानात आलं की आपल्याला जायचं होतं भलतीकडंच. मग पालीवरनं राजगडाला वळसा घालून चालत आलो. वाटेत एका धनगराकडं ताक प्यालो. त्याचं कुत्रं डोळे मिटून ढगाकडं तोंड करून बसायचं, त्याच्याशेजारी मीही दीड दिवस बसलो. (ते काय बघत होतं ते मला अजून कळलं नाही.)

वाडीत आलो तर माणसं तुझ्या सासऱ्यांना, कुंडलिकतात्यांना, महारोग्यासारखी लांबून रामराम घालतात. त्यांचा कप वेगळा, खुंटीवर. त्यांच्या विडीवर कुणी विडी पेटवत नाही. कुणी म्हणतं हा रोग धरणाच्या पाण्यानं होतो, कुणी म्हणतं देवीच्या लशीनं. सरपंच आनंदरावांनी तर चावडीवर सगळ्या वाडीची परीक्षाच लावली. काल काय खाल्लं? सोमवारी कुठला वार होता? (यातही दोघं चुकले.) ठकुबाईला विचारलं, "दादल्याचं नाव काय?" ती गप. आता आपल्याकडं कुठली बाई नवऱ्याचं नाव घेते? तू तरी कधी दाजींचं घेतलंस? एरवी हे शेंबड्या पोरालाही ठावं, पण भीतीला काय ठावं असतं! तिचा दादला कपाळ धरून खाली बसला, "गेली, हीबी गेली!" तशी ठकुबाई खवळली. पदर खोचून भर चावडीत ओरडली, "कोंडिबा! कोंडिबा! झालं समाधान?" तर सगळे चार पावलं मागं सरले. दादल्याचं नाव उघड घेतलं म्हंजे डोकं फिरलंच की! आता तिचाही कप खुंटीवर आहे. (तिला बरंच वाटतंय. म्हणते, घासायला एकच.)

दाजी पहाटे अंथरुणातच अडीचकीचा पाढा म्हणून बघतात, हे तू सांगितलंस तेव्हा मी लई हसलो होतो. बापाचा विसर लेकाच्या रक्तात उतरतो असं त्यांना कुणी सांगितलंय म्हणे, म्हणून ते हितं यायला भितात. आता मला हसू येत नाही. आनंदराव म्हणतात, येत्या अमावस्येला तात्यांच्या होडीची वल्ही काढून घ्यायची आणि त्यांना शिवेवरच्या खोपटात ठेवायचं.

तात्यांच्या होडीत कुणी बसत नाही, म्हणून मी बसलो. माझं आठवणीतलं काय जाणार? सकाळचं धुकं पाण्यावर टेकलेलं असतं. वर आभाळ का खाली आभाळ, समजत नाही. तात्या पलीकडच्या काठाला जातच नाहीत. ते धरणाच्या आधीच्या, बुडालेल्या गावातनं होडी नेतात. "हा ढोरांचा गोठा. ही साहेबरावाची ओसरी, वल्हं लागंल, जरा बाहेरनं घेतो." मारुतीच्या देवळावरनं जाताना टोपी काढतात. मीही काढतो. (माझ्याकडं टोपी नाही, नुसता हात डोक्याला लावतो.) काल काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, पण चाळीस वर्षांमागचं एक दार चुकत नाही. एका जागी मात्र ते वल्हं उचलून धरतात आणि हळूच सांगतात, "आवाज करू नगंस. खाली पोरगं निजलंय." मग आम्ही दोघं तसेच तरंगत राहतो. वल्ह्यावरनं थेंब गळतात तेवढाच आवाज. आक्का, ते घर तुमचं. निजलेलं पोरगं म्हंजे दाजी.

त्यांना भोरला आणत नाही. तिथं ते खरंच हरवतील.

तुझा,
ज्ञानू

ता. क. घोंगडं आणि एक बरी विजार पाठव.

ता. क. दुसरा. दाजींची छत्री वेल्ह्याच्या गाडीत राहिली. सांगू नकोस.

ता. क. तिसरा, खरं तर पत्र याच्यासाठीच होतं. तात्या मला ज्ञानू म्हणत नाहीत. जे नाव तू घेत नाहीस त्या नावानं हाक मारतात, म्हणून मीही हितं लिहीत नाही. पहिले दोन दिवस मी "तो मी न्हाई" म्हणालो, तर ते धुक्यात इकडंतिकडं बघत बसले. आता मी ओ देतो. पण अमावस्येला सहाच दिवस राहिलेत, आणि आनंदराव लेकाचं ऐकतील, माझं नाही. दाजींना म्हणावं, अडीचकी येताना गाडीत म्हणा, पण या. आपली ओ आपण द्या.