लाटांची भिंत

प्रिय वहिनी,

वर्षातून एकदा वाढदिवसाच्या चार ओळी, यापलीकडे मी तुला कधी काही लिहिलं नाही, आणि आज एकदम एवढं जाड पाकीट. तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. छोटी शाळेत गेली, घर रिकामं झालं, की मगच वाच. मध्येच उठायला लागलं तर पुन्हा हातात घ्यायचा धीर होणार नाही, असं हे पत्र आहे.

आधी बातमी सांगते. आपली खाण बंद झाली, पण बुजवणार नाहीत. वरचा मजला लोकांना बघण्यासाठी ठेवणार आहेत. खाली उतरायच्या पाळण्याला पिवळा रंग दिलाय. जिथे दादा सकाळी आपला दिवा आणि बिल्ला घ्यायला रांगेत उभा राहायचा, त्या खोलीत तिकीटखिडकी होणार आहे. जुने कामगार मला चिडवतात, की ताई, आम्हाला आत जायचे पैसे मिळायचे, आता लोक आत जायचे पैसे देणार, आमचं काहीतरी चुकलंच. आणि खालच्या मजल्यावरची लाटांची भिंत जपण्याच्या यादीत गेली. तो अहवाल मी लिहिला.

तू ती भिंत कधी पाहिली नाहीस, पण दादाने ती तुला जेवणाच्या टेबलावर शंभरदा करून दाखवली होती. टेबलावरचं कापड बोटांनी चुरायचा आणि म्हणायचा, हे तळं. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी उथळ तळ्याच्या काठी वारा सुटला, चिखलावर बारीक लाटा उमटल्या, आणि त्या तशाच दगड होऊन राहिल्या. एवढी वर्षं झाली, कुणी इस्त्री केली नाही बघ, हा त्याचा ठरलेला विनोद. मी शिकून त्याच खाणीत भूवैज्ञानिक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तो मला तिथे घेऊन गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, बाईसाहेब, हात स्वच्छ असतील तरच लावा. मी लाजले होते. घरी आल्यावर आईकडे त्याची तक्रारही केली होती.

त्या दगडाचा एक दोष आहे. हवा लागली की तो आतून पिठासारखा होतो, लाटा झडून पडतात. पाण्याखाली मात्र जशाच्या तशा राहतात. म्हणून मी लिहिलं, की भिंतीचा साचा आणि फोटो घेऊन वर मांडावेत, आणि पंप बंद करून खालचा मजला पाण्याने भरू द्यावा. सगळ्यांनी मान्य केलं. माझं कौतुकही झालं. येत्या पंधरा तारखेला पंप थांबतील.

खालचा मजला म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

अकरा वर्षं आपण दोघींनी तो विषय टाळला. दादा आधाराचे खांब तपासायला एकटा ज्या बोगद्यात गेला आणि ज्याचं छत त्याच्या मागे कोसळलं, तो बोगदा या भिंतीच्या पाठीमागून जातो. माणसं तीन दिवस तोंडाकडून मलबा उपसत होती. भिंत फोडून मागून शिरणं दीड दिवसाचं काम होतं. मुकादमाने मला विचारलं, मागे पोकळी राहिली असेल का? मी नकाशा पसरला. तिथला दगड ठिसूळ, पडला तर सगळा पडतो, जागा उरत नाही, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी शोध थांबवला. मी घरी आले, तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, आणि मी म्हणाले, "त्याला कळलंसुद्धा नसेल, वहिनी." तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

या एका शब्दावर तू चार वर्षांनी उठून उभी राहिलीस. पुन्हा लग्न कर म्हणून मागे लागले तीही मीच. तुझ्या लग्नात आईपेक्षा मी जास्त रडले. लोकांना वाटलं, नणंदेची माया.

मागच्या महिन्यात साचा घेण्याआधी भिंतीची जाडी मोजायची होती. दादाबरोबर काम केलेला म्हातारा ड्रिलवाला माझ्यासोबत होता. बोटाएवढं भोक पाडत होतो. हातभर गेल्यावर सळई एकदम पुढे घसरली. त्याने मशीन बंद केलं, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि खाली बघत म्हणाला, "ताई, इथं मोकळं आहे." आम्ही सळई सरकवत राहिलो. सहा हात सरकवली तरी पलीकडे काही लागलं नाही.

माझा नकाशा चुकला होता, वहिनी. मी दगड दोन ठिकाणी मोजला होता आणि मधली रेघ पट्टीने सरळ ओढली होती. आम्ही सगळेच असं करतो. त्या मधल्या जागी ठिसूळ दगडाखाली कठीण दगडाचा पट्टा आहे, छत पेलून धरेल एवढा जाड. तेव्हा मला भिंतीची काळजी नव्हती, ती वाचावी म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं, असं मी स्वतःला रोज सांगते. खात्रीने मात्र सांगता येत नाही. आणि आता अहवालात मी लिहिलं, मागे पोकळी, त्यामुळे भिंत नाजूक, म्हणून हात न लावता पाणी भरणे उत्तम. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. दादाचं नाव त्यात कुठेच नाही. ड्रिलवाल्याने तो वाचला आणि परत दिला. तेव्हापासून तो माझ्याशी दगडाखेरीज दुसरं बोलत नाही.

सोबत हरकतीचा कागद आहे. दहा तारखेपर्यंत तो तुझ्या सहीने खाणीच्या कचेरीत पोचला तर पंप चालू ठेवून, दादाला शोधायला भिंत फोडावी लागेल. दफ्तरात दादाचं जवळचं माणूस म्हणून अजून तुझंच नाव आहे. बहिणीची सही चालते का, हे मी विचारून आले. नाही चालत म्हणाले, आणि मला हायसं वाटलं, हेही तुला कळलेलं बरं. आत काय आहे, तो किती वेळ होता, काही लिहून ठेवलं का, हे मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. तुझं आत्ताचं घर ज्यावर उभं आहे तेच मी हलवते आहे, तेही तुझे हे आणि छोटी समोर असताना, आणि गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पण एकदा तुला न विचारता मी ठरवलं. दुसऱ्यांदा तसं करवत नाही. पाकिटात माझा पत्ता लिहून, तिकीट लावून दुसरं पाकीट ठेवलंय. सही करायची नसेल तर ते रिकामंच पाठव. तू वाचलंस, एवढं मला कळेल.

तुझीच म्हणू दिलंस तर तुझीच,
धाकटी